रवण, यंत्र आणि कोल्हापूरची हवा

रवणाला बसलेली कोंबडी एकवीस दिवसांत बरंच काही करत असते. त्यातलं ऊब देणं तेवढं आपल्या नजरेत भरतं. ती दिवसातून कितीतरी वेळा चोचीनं अंडी फिरवते, कडेची आत घेते, आतली कडेला सारते. एखाद्या वेळी उठते, चार दाणे टिपते, पाणी पिते, धुळीत अंग घुसळते आणि अंडी फार गार व्हायच्या आत परत येऊन बसते. पोटाखालची पिसं झडून उघडी पडलेली कातडी ती थेट अंड्याला लावते, त्यामुळे कुठलं अंडं गार पडलंय हे तिला अंगालाच कळतं. शेवटच्या दिवसांत कवचाच्या आतून चिवचिव सुरू झाली की ती घशातल्या घशात तिला उत्तर देते. एवढी कामं सांभाळणाऱ्या जिवाच्या जागी आपण एक पेटी ठेवतो, आणि पेटीवरच्या आकड्यात ३७.७ दिसलं की निर्धास्त होतो. घरगुती इन्क्युबेटरची पहिली खेप फसते ती बहुतेक वेळा या निर्धास्तपणामुळे.

ही पुस्तिका त्या पहिल्या खेपेसाठी लिहिली आहे. करवीर, पन्हाळा, कागल, हातकणंगले या तालुक्यांत आणि शहराच्या कडेच्या वसाहतींतही आता घरोघरी लहान इन्क्युबेटर दिसू लागले आहेत. कुणी परसात पाच-सहा गावठी कोंबड्या पाळतं, कुणी बचत गटातून पक्षी घेतलेले असतात, कुणाच्या घरात शाळेत जाणाऱ्या पोरांचा हट्ट असतो. या सगळ्यांची एकच तक्रार ऐकू येते: यंत्राबरोबर आलेल्या कागदावर लिहिलं होतं तसंच सगळं केलं, तरी निम्मी पिल्लं कवचातच मेली. तक्रार खरी आहे. कागदावरचे आकडेही खोटे नाहीत. पण तो कागद लिहिणाऱ्याला आषाढातलं कोल्हापूर ठाऊक नव्हतं आणि चैत्रातलंही नव्हतं. माझं मुख्य म्हणणं तेवढंच आहे, आणि पुढची पानं त्याच्याभोवती रचली आहेत. उष्णता यंत्र सांभाळतं. हवेतली ओल आपल्याला सांभाळावी लागते, आणि ती कोल्हापुरात दर महिन्याला वेगळी असते.

आधी जुन्या पद्धतीबद्दल लिहायला हवं, कारण यंत्र हे तिचंच अनुकरण आहे. कोंबडी खुडूक झाली, पिसं फुलवून एका जागी बसू लागली, हात नेला की गुरगुरू लागली, म्हणजे ती रवणाला तयार. घरातली म्हातारी मग बुट्टीत राख आणि भाताचं पिंजर घालायची. राख असायची पिसवा-उवांसाठी. अंधारात चिमणीच्या उजेडापुढं एकेक अंडं धरून पाहायची, तडा गेलेलं बाजूला काढायची, आणि कोंबडीच्या अंगाखाली झाकतील एवढीच, दहा-बारा किंवा फार तर पंधरा अंडी ठेवायची. कोंबडीला बसवायचं ते रात्री, म्हणजे ती बिथरत नाही. बऱ्याच घरांत बुट्टीत लोखंडाचा खिळा आणि कोळशाचा तुकडा ठेवत, ढगांच्या गडगडाटानं अंडी नासू नयेत म्हणून. गडगडाटानं गर्भ मरत नाही. यंत्राच्या बाबतीत मात्र ती जुनी भीती खरी ठरली आहे, कारण वळीव गडगडायला लागला की आपल्याकडे पहिली जाते ती लाईट.

या म्हाताऱ्यांच्या हातातलं ज्ञान मला फार मोलाचं वाटतं. कुठलं अंडं ठेवावं, किती दिवसांचं ठेवावं, बुट्टी कुठं असावी, यातलं त्यांचं जवळजवळ सगळं आजच्या शास्त्राला धरून आहे. एक समज मात्र सोडून द्यावा लागेल. टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून तलंग निघते, असं आजही ठामपणे सांगितलं जातं. पिल्लू नर की मादी हे कोंबडीच्या बीजातच ठरलेलं असतं. अंड्याच्या आकाराचा किंवा यंत्राच्या तापमानाचा त्याच्याशी संबंध नाही. अंडी कशीही निवडा, निघालेल्या पिल्लांत साधारण निम्मे कोंबडे असणार.

मग यंत्राची गरज का पडली? गावठी कोंबडी वर्षाला साधारण पन्नास-साठ अंडी देते. त्यात ती रवणाला बसली की एकवीस दिवस बंद, आणि पुढे पिल्लं हिंडवायची म्हणून आणखी दोन-अडीच महिने बंद. अंडी काढून यंत्रात ठेवली तर ती लवकर पुन्हा अंड्यावर येते. दुसरं कारण जास्त खोल आहे. भरपूर अंडी देणाऱ्या जाती माणसानं निवडीतून तयार केल्या, तेव्हा खुडूक होण्याची सवयच त्यांच्यातून काढून टाकली. व्हाइट लेगहॉर्न क्वचितच रवणाला बसते. गिरीराज, वनराज यांसारखे सुधारित परसातले पक्षीही या कामात भरवशाचे नाहीत. ज्या घरात फक्त असे पक्षी आहेत, तिथं यंत्राशिवाय पिल्लं निघत नाहीत.

कोंबडीशिवाय पिल्लं काढण्याची विद्या काही आजची नाही. इजिप्तमध्ये दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी एका वेळी उबवत. तिथल्या कामगारांकडे तापमापक नव्हता; ते अंडं पापणीला लावून ऊब जोखत. ॲरिस्टॉटलनं रोज एकेक अंडं फोडून गर्भ कसा वाढतो ते पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी रक्ताच्या ठिपक्यासारखं हृदय उडताना दिसतं, असं लिहून ठेवलं. फ्रान्समध्ये रेओम्यूर या शास्त्रज्ञानं तापमापक हाती घेऊन कृत्रिम उबवणीचे प्रयोग केले आणि १७४९ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पापणीवर ऊब जोखणारा तो कामगार आणि अंगानं अंडं ओळखणारी कोंबडी यांची जातकुळी एकच. आजच्या यंत्रात ते काम एक सेन्सर करतो, आणि तो पेटीतल्या एकाच जागेची बातमी देतो. अंड्यांच्या ट्रेच्या चार कोपऱ्यांत काय चाललंय, ते त्याला ठाऊक नसतं.

कोल्हापूरला यंत्र घरी बनवण्याची जुनी खोड आहे. बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेराच इथं घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' लोकांपुढे आणला. त्या गावात थर्माकोलचा खोका, थर्मोस्टॅट, बल्ब, संगणकातला लहान पंखा आणि अंडी कलती करणारी संथ मोटर जोडून कुणी इन्क्युबेटर बनवला तर नवल नाही. उद्यमनगरात हवा तसा ट्रे वाकवून मिळतो. मी अशा घरगुती पेट्यांच्या बाजूनं आहे, एका अटीवर: पंखा हवाच. पंखा असला की पेटीभर हवा सारखी राहते आणि ३७.५ ते ३७.८ अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे ९९.५ ते १०० अंश फॅरनहाइट, हा आकडा सगळ्या अंड्यांना लागू पडतो. पंखा नसेल तर वर गरम आणि खाली गार असे थर होतात. तिथं अंड्याच्या वरच्या कडेच्या उंचीवर मोजून १०१ ते १०२ फॅरनहाइट ठेवावं लागतं, आणि ते सांभाळणं नवख्याचं काम नाही. यंत्र विकतचं असो वा घरचं, त्याच्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. ताप मोजायचा साधा थर्मामीटर आत अंड्यांजवळ ठेवून एकदा ताडून बघा. अंडी ठेवण्याआधी यंत्र निदान एक दिवस रिकामं चालवा.

तापमानाबद्दल आणखी एकच गोष्ट लक्षात ठेवायची. गर्भ गारवा जितका सोसतो तितकी उष्णता सोसत नाही. काही तास ऊब कमी पडली तर बहुधा पिल्लं उशिरा निघतात; तेवढेच तास दोन अंश जास्त झाले तर घात होऊ शकतो. म्हणून यंत्र उन्हाची तिरीप येणाऱ्या खिडकीजवळ, पत्र्याखाली किंवा चुलीच्या खोलीत नको. मधली, अंधारी, शांत खोली बरी.

आता हवेतल्या ओलीकडे येऊ. यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे.

अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. त्यांतून प्राणवायू आत जातो आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. एकवीस दिवसांत अंड्यातलं ठरावीक पाणी उडून जाणं गरजेचं असतं, कारण जेवढं पाणी उडतं तेवढी रुंद टोकाकडची हवेची पोकळी वाढते, आणि पिल्लू पहिला श्वास घेतं ते त्या पोकळीत. पाणी कमी उडालं तर पोकळी लहान राहते, पिल्लू फुगतं, त्याला वळायला जागा उरत नाही, आणि श्वास घ्यायच्या क्षणी ते आतल्या पाण्यातच गुदमरतं. पाणी जास्त उडालं तर आतला पापुद्रा सुकून पिल्लाच्या अंगाला चिकटतो आणि ते अडकून मरतं. कागदावर लिहिलेलं असतं: पहिले अठरा दिवस ४५ ते ५५ टक्के आर्द्रता, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७५. हे आकडे बरोबर आहेत. गाठ पडते ती पुढच्या ओळीशी, 'पाण्याचं भांडं भरून ठेवा' या ओळीशी.

हवा तापली की तिची पाणी धरायची ताकद वाढते, म्हणून तीच हवा तापल्यावर कोरडी होते. आषाढात कोल्हापुरात खोलीतली हवा २४ अंशांची आणि ९० टक्के ओली आहे असं धरा. तीच हवा यंत्रात जाऊन ३७.६ अंशांवर आली की तिची आर्द्रता साधारण ४० टक्के भरते. त्यात अंड्यांतून उडणारी वाफ मिळते. म्हणजे पाण्याचा थेंब न घालताही यंत्र हव्या त्या आकड्याच्या जवळ पोचलेलं असतं. अशा दिवसांत दोन्ही भांडी भरून ठेवली की अठरा दिवस अंडी ओलीत राहतात, पाणी उडत नाही आणि पिल्लं पूर्ण वाढून कवचात बुडतात. पावसाळ्यात ऐकू येणारी 'सगळी पिल्लं आत भरलेली होती, पण एकही बाहेर आलं नाही' ही तक्रार बहुतेक वेळा त्यामुळेच असते.

आता मार्च-एप्रिलची दुपार घ्या. खोलीत ३२ अंश, आर्द्रता २५ टक्के. ती हवा यंत्रात गेली की आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते. इथं भांडं रोज भरावं लागतं, कदाचित दोन भांडी लागतात. पाण्याची खोली वाढवून उपयोग नसतो. पसरट भांडं हवं, कारण वाफ निघते ती पृष्ठभागावरून. पातळ स्पंजचा तुकडा पाण्यात उभा केला तरी चालतो. एकच यंत्र, एकच घर, तेच भांडं. चैत्रात ते पिल्लं वाचवतं आणि आषाढात मारतं.

स्वस्त आर्द्रतामापक पाच-दहा टक्क्यांनी सहज चुकतो. त्यावर उपाय आहे आणि तो साधा आहे: अंडी तोला. आपल्या जिल्ह्यात हुपरीला चांदीचं काम चालतं, गुजरीत सोन्याचं. बारीक वजनाचं महत्त्व कोल्हापूरकराला नव्यानं सांगायला नको. इथं तर सोनाराचा काटाही लागत नाही, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन सुमारे १२ टक्के घटायला हवं. बारा अंड्यांचं मिळून वजन ६६० ग्रॅम असेल तर सातव्या दिवशी ते ६३० च्या आसपास, चौदाव्याला ५९८ च्या आसपास आणि अठराव्याला ५८० च्या आसपास यावं. त्याहून जास्त भरलं तर पाणी काढून घ्या, कमी भरलं तर वाढवा. मधे एखादं अंडं काढून टाकलं तर त्याचं पहिल्या दिवशीचं वजनही हिशेबातून वजा करा. त्यासाठी सुरुवातीला प्रत्येक अंडं वेगळं तोलून त्यावर पेन्सिलीनं आकडा लिहून ठेवावा. शाईच्या पेनानं लिहू नये. हा एवढा नेम पाळला तर बाकीच्या पुस्तकी आकड्यांचं ओझं खूप हलकं होतं, असं मी खात्रीनं सांगतो. या पुस्तिकेच्या शेवटी वजनाचा कोरा तक्ता दिला आहे तो याचसाठी.

हवेची ये-जा हेही यातच येतं. ओल टिकावी म्हणून यंत्राची छिद्रं चिकटपट्टीनं बंद करणारे लोक आहेत. शेवटच्या आठवड्यात प्रत्येक गर्भ श्वासोच्छ्वास करत असतो, त्याला प्राणवायू लागतो. छिद्रं बंद करू नयेत.

लाईट जाण्याचा प्रश्न कोल्हापुरात टाळता येत नाही. तासा-दोन तासांचा खंड असेल तर झाकण न उघडणं हा सगळ्यांत चांगला उपाय. वरून जाड चादर किंवा घोंगडं टाकावं, छिद्रं मोकळी ठेवावीत. शेवटच्या आठवड्यातले गर्भ स्वतःही उष्णता तयार करतात, त्यामुळे ते थोडा जास्त वेळ तग धरतात. पण पंचगंगेच्या काठच्या सखल भागात राहणाऱ्यांना मी वेगळं सांगेन. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये आलेल्या महापुरांत ती कितीतरी फुटांनी ओलांडली गेली आणि शहराचे मोठे भाग वीज-पाण्यावाचून राहिले. अशा ठिकाणी जुलै-ऑगस्टमध्ये यंत्रात अंडी ठेवूच नयेत. आपल्याला घर सोडावं लागलं तर पंधरा दिवसांचे गर्भ पेटीत मरायला सोडून जावं लागेल. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ पहिल्या खेपेला सर्वांत सोयीचा. वीज त्या मानानं टिकते, खोलीचं तापमान फार वर जात नाही, आणि पाऊस सुरू होईपर्यंत पिल्लांच्या अंगावर पिसं आलेली असतात. थंडीच्या रात्री खोली उबदार राहील एवढं पाहायचं.

अंडी कुठून आणायची? दुकानातली पांढरी अंडी चालणार नाहीत. ती पोल्ट्रीवरच्या कोंबड्यांची असतात, तिथं कोंबडाच नसतो, त्यामुळे ती फलित नसतात. कोंबडा बरोबर हिंडतो अशा कळपातली अंडी हवीत. साधारण आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा असावा. राज्याच्या पशुसंवर्धन विभागाची चार मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत: पुणे, छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि कोल्हापूर. म्हणजे असं केंद्र आपल्या गावातच आहे. सुधारित जातीची उबवणीची अंडी किंवा एक दिवसाची पिल्लं हवी असतील तर आधी तिथं चौकशी करावी. मात्र सुधारित संकरित पक्ष्यांच्या अंड्यांतून घरी पुढची पिढी काढली तर ती आईबापांसारखी एकसारखी निघत नाही, हे आधीच माहीत असू द्या. घरची पैदास पुढे न्यायची असेल तर चांगली गावठीच बरी, असं माझं मत आहे.

अंडं सात दिवसांपेक्षा जुनं नको. ते धुवायचं नाही, कारण धुतलं की कवचावरचं नैसर्गिक आवरण जातं आणि जंतूंना वाट मिळते. टोक खाली, रुंद बाजू वर करून गार जागी ठेवायचं; फ्रिजमध्ये नको. दुरून मोटरसायकलवरून आणलेली अंडी यंत्रात घालण्याआधी अर्धा-एक दिवस स्थिर ठेवायची. खराब रस्त्याचे धक्के आतल्या पोकळीलाही बसतात.

अंडी फिरवणं अठराव्या दिवसापर्यंत चालतं. न फिरवलेल्या अंड्यात गर्भ एका बाजूला चिकटून राहतो आणि त्याच्या रक्तवाहिन्यांचं जाळं नीट पसरत नाही. हातानं फिरवत असाल तर दिवसातून तीन किंवा पाच वेळा, म्हणजे विषम वेळा फिरवा, म्हणजे रात्रभर एकच बाजू रोज वर राहणार नाही. एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला की चूक होत नाही.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत मोबाइलची बॅटरी अंड्याच्या रुंद टोकाला लावून बघा. जिवंत अंड्यात मधे एक गडद ठिपका आणि त्यापासून चहूकडे गेलेल्या तांबड्या शिरा दिसतात, आणि हात स्थिर असेल तर ठिपका हलतानाही दिसतो. घरात मुलं असतील तर हा दिवस चुकवू नका. पाठ्यपुस्तकात वाचलेली रक्ताभिसरणाची गोष्ट ती आयुष्यभर विसरणार नाहीत. काही दिसलं नाही, अंडं आरपार स्वच्छ असेल, तर ते फलित नव्हतं. शिरांऐवजी नुसतं रक्ताचं कडं दिसलं तर गर्भ आधीच मेला आहे. दोन्ही काढून टाका. नासलेलं अंडं यंत्रात फुटलं तर सगळी खेप धोक्यात येते. चौदाव्या आणि अठराव्या दिवशी पुन्हा पाहा, त्यापेक्षा जास्त वेळा नको.

अठराव्या दिवशी फिरवणं बंद करायचं, ओल वाढवायची आणि झाकण लावायचं. मोठ्या हॅचरीत या दिवशी अंडी दुसऱ्या यंत्रात हलवतात. आपल्याकडे एकच पेटी असते. ट्रेवर खरखरीत कापड किंवा जाळी अंथरावी, नाहीतर गुळगुळीत पृष्ठभागावर पिल्लांचे पाय फाकतात. पिल्लू आधी आतला पापुद्रा फोडून पोकळीतली हवा घेतं, मग चोचीवरच्या कठीण दातानं कवचाला पहिलं छिद्र पाडतं. त्यानंतर ते तासन्‌तास थांबतं. पहिल्या चिरेपासून बाहेर पडेपर्यंत बारा ते चोवीस तास लागणं अगदी साधं आहे. या वेळात ते कवचाच्या आतल्या रक्तवाहिन्यांमधलं रक्त आत ओढून घेत असतं आणि उरलेला बलक नाभीतून पोटात सामावत असतं. आपण दया येऊन कवच सोललं तर रक्त वाहतं आणि पिल्लू मरतं. झाकण उघडलं की ओल एका क्षणात निघून जाते आणि बाकीच्या अंड्यांतले पापुद्रे सुकतात. त्यामुळे पहिलं पिल्लू ओरडत असलं, बाकीच्या अंड्यांवर धडपडत असलं, तरी उघडायचं नाही. पोटातला बलक त्याला दोन-तीन दिवस पुरतो. म्हणून तर एक दिवसाची पिल्लं उपाशीपोटी लांबच्या गावी पाठवता येतात.

पुढचा महिना रवणापेक्षा कठीण असतो, आणि त्यावर या पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३५ अंश ऊब लागते. मग दर आठवड्याला ती तीन अंशांनी कमी करायची. बल्बखाली पिल्लं गर्दी करत असतील तर गारठली आहेत, कडेला पळून चोच उघडून बसली असतील तर तापली आहेत. यापेक्षा चांगला तापमापक नाही. आधी पाणी, मग दाणा. आपल्याकडे पहिल्या दिवशी गूळपाणी आणि मक्याचा बारीक भरडा देतात, तो चालतो, पण दुसऱ्या दिवसापासून पिल्लांचं खाद्य हवंच. घरात एखादी कोंबडी त्याच वेळी खुडूक असेल तर रात्रीच्या अंधारात यंत्रातली पिल्लं तिच्या पंखाखाली सरकवून पाहा. घेतली तर ती माणसापेक्षा कितीतरी चांगलं वाढवते.

लसीकरण टाळू नका. राणीखेत, ज्याला आपल्याकडे मानमोडी म्हणतात, सगळा कळप चार दिवसांत संपवते. तिच्यावरची लासोटाची लस साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी देतात, गंबोरो या दुसऱ्या रोगावरची दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस. अडचण अशी की लसीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांसाठीची असते आणि उघडल्यावर ती लगेच वापरावी लागते. दहा पिल्लांसाठी कुणी ती आणत नाही, आणि दहाही पिल्लं मरतात. गल्लीतल्या किंवा बचत गटातल्या चार-पाच घरांनी एकाच आठवड्यात अंडी ठेवली तर एक बाटली सगळ्यांना पुरते. हे ठरवून करण्यासारखं आहे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातली पहिली बर्ड फ्लूची साथ आढळली, तेव्हा परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. त्यामुळे पक्षी एकाएकी मरू लागले तर लपवू नये, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावं. आणि पिल्लं हाताळल्यावर मुलांचे हात साबणानं धुवून घ्यावेत, कितीही गोड दिसली तरी त्यांचे मुके घेऊ देऊ नयेत.

न फुटलेली अंडी फेकायच्या आधी घराबाहेर नेऊन फोडून बघा, वास येत असला तरी. गर्भ पहिल्या आठवड्यात मेला असेल तर बहुतेक अंडी जुनी होती, धक्का लागला होता किंवा तापमान चुकलं होतं. पूर्ण वाढून मेला असेल तर ओल, हवा किंवा फिरवणं यांत गफलत आहे. वजनाचा तक्ता शेजारी ठेवला की कारण बहुधा सापडतं, आणि पुढची खेप त्यावरच सुधारते.

बारा अंड्यांनी सुरुवात करा. त्यातली सात-आठ पिल्लं निघाली तर पहिली खेप चांगली झाली असं समजा. आणि अंडी यंत्रात ठेवण्याच्या आधीच घरात बसून ठरवा, की त्यातल्या निम्म्या कोंबड्यांचं पुढं काय करणार. ते पाच महिन्यांत आरवू लागतील, एकमेकांना रक्तबंबाळ करतील, शेजारी तक्रार करतील, आणि तोपर्यंत मुलांनी त्यांना नावं दिलेली असतील. रविवारच्या रश्श्यात घालणार असाल तर तसं मुलांना आधी सांगा, विकणार असाल तर घेणारा आधी शोधा, पाळणार असाल तर जागा आधी करा. ज्या घराला हे ठरवता येत नाही, त्यांनी यंत्र सध्या बंदच ठेवावं.